दुसऱ्यांच्या मुलींचे सर

ज्या माणसानं माझ्या वडिलांशी तीन दिवस वाद घालून मला शिकायला पाठवलं, त्या माणसावर माझा राग आहे, असं मी म्हटलं की ऐकणारे गप्प होतात. बाई कृतघ्न दिसते, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं. असू दे. पाटील सरांचे उपकार मी नाकारत नाही. एरंडोलच्या आमच्या गल्लीतून ज्या पाच-सहा मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, त्या सगळ्या सरांमुळे. आमच्यात सगळ्यात हुशार जी होती ती मात्र सरांच्याच घरात होती. ती शिकली नाही. माझा राग तिथला आहे.

सर आमच्या समोरच्या घरात राहायचे आणि गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. खिशात रुमालात गुंडाळलेला खडू. कागदोपत्री ते एस. डी. पाटील होते, पण नाव सुपडू. आधीची तीन भावंडं गेली म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि मूठभर जोंधळे देऊन परत घेतलं. आमच्याकडे असे सुपडू आणि उकिरड्यावर ठेवून उचललेले उखर्डू घरोघरी होते. ज्याचं नाव सुपडू, तो आईबापांना किती हवाहवासा होता हे सांगायला लागत नसे. म्हणजे, कुणी सांगतच नसे.

शाळेत सरांचा दरारा होता. पण शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी ते सायकलवरून उतरत आणि घरापर्यंत हातात धरून आणत. कारण ओट्यावर खाटेवर त्यांचे वडील, आबा, बसलेले असत, आणि बापासमोर सायकलवर बसून येणं बरं दिसत नाही. घरात एक लाकडी खुर्ची होती, ती पाहुण्यांसाठी. आबा ओट्यावर असतील तर सर पेपरसुद्धा खांबाला टेकून उभ्यानं वाचायचे. चाळिशी ओलांडलेला, शेकडो मुलांना वर्गमूळ शिकवणारा माणूस पाऊण तास उभा राहून पेपर वाचतो, हे आम्हाला तेव्हा विचित्र वाटलं नाही. आम्हाला वाटायचं, पेपर असाच वाचतात.

एकदा वर्गात, कशावरून ते आठवत नाही, सर म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा हात लावला तो मी मॅट्रिक झालो त्या दिवशी. पाठीवर. असा." आणि स्वतःच्याच खांद्यावर त्यांनी हात ठेवून दाखवला. पोरं हसली. सरही हसले. त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती, उलट अभिमान होता.

त्या घराची एक रीत होती, आणि ती एकट्या त्यांच्या घराची नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, त्याचं कौतुक करायचं नाही, त्याची बाजू घेऊन बोलायचं नाही. भावाचं लेकरू खुशाल खांद्यावर घ्यावं. म्हणजे सर त्यांच्या धाकट्या भावाची, भिकाभाऊंची, पोरं पाठीवर घेऊन गल्लीभर फिरायचे, आणि सरांची मंगल भिकाभाऊंच्या खांद्यावर असायची. एकत्र घरात हा माझा, तो तुझा असं होऊ नये म्हणून कुणा शहाण्या माणसानं कधीतरी ही रीत घातली असेल. तेव्हा ती चांगलीही असेल. मी काही त्या माणसाला ओळखत नाही, नाहीतर मंगलच्या कपाळाची खूण त्याला दाखवली असती.

मंगल माझ्याच वयाची. आम्ही सात वर्षांच्या असू. त्यांच्या ओट्याच्या कठड्यावरून चालायचा खेळ चालला होता आणि ती खाली फरशीवर तोंडावर पडली. भुवईच्या वर कपाळ फुटलं, रक्त थेट डोळ्यात. आबा खाटेवर. सर नेहमीप्रमाणे खांबाला टेकलेले, तिच्यापासून दोन पावलांवर. मंगल उठून बसली आणि तिनं सरळ बापाकडे हात केले.

सर जागचे हलले नाहीत. गोठ्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "भिका, पोरले उचल."

भिकाभाऊ शेणाच्या हातांनी पळत आले, तसेच तिला घेऊन दवाखान्यात धावले. सर पेपरची घडी घालत राहिले. घडी काही नीट बसेना. याच सरांनी त्याच महिन्यात तापानं फणफणलेल्या एका विद्यार्थ्याला शाळेतून सरकारी दवाखान्यापर्यंत पाठीवर नेलं होतं. सगळं गाव त्यांचं नाव काढत होतं.

पुढे हायस्कुलात मंगल सरांच्या वर्गात आली तेव्हा तर गंमतच झाली. प्रगतीपुस्तकावर वर्गशिक्षकाची सही बापाची आणि पालकाची सही आजोबांची. आबांना वाचता येत नसे, सही तेवढी येई, तीही ओळीच्या खाली उतरत जाणारी. सर त्या पुस्तकात शाईनं सुरेख अक्षरात मार्क भरत आणि मग घरी जाऊन तेच पुस्तक दोन्ही हातांनी आबांपुढे धरत. मंगलचा गणिताचा पेपर मात्र ते स्वतः कधी तपासत नसत. दुसऱ्या मास्तरांकडे द्यायचे. तरी ती पहिली यायची.

नववीच्या स्नेहसंमेलनात बक्षिसांची नावं सर वाचत होते. प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी बोलायचे. तिसरी मी आले होते. सर म्हणाले, "हिच्या अक्षराकडे बघू नका, डोक्याकडे बघा," आणि मंडपातली माणसं हसली. माझे वडील मागच्या रांगेत ताठ होऊन बसले. मग पहिला नंबर. सर म्हणाले, "मंगल पाटील, नववी ब." आणि पुढचं नाव. पहिल्या रांगेत आबा बसले होते.

घरी येताना मंगल म्हणाली, "शालू, तुनं अक्षर खरंच वाईट शे. पण माले तुना राग येस." आणि हातातलं बक्षिसाचं कंपासपेटीचं खोकं तिनं माझ्याकडे दिलं. मी घेतलं नाही, तर ती रडायला लागली. मला काही कळलं नाही. कंपासपेटी मला हवीच होती, शेवटी घेतली.

दहावी झाली. ऐंशीच्या आसपासचा काळ. तेव्हा दहावीनंतर डी.एड. करून मास्तरीण होता येई, आणि धुळ्याला मुलींचं वसतिगृहही होतं. सर स्वतः एसटीनं धुळ्याला जाऊन फॉर्म घेऊन आले. दोन फॉर्म. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले, सरांच्या मनातच नव्हतं. मनात होतं. दोन फॉर्म आणले होते त्यांनी, आणि दोन्ही स्वतः भरले होते, त्या सुरेख अक्षरात.

माझा फॉर्म घेऊन ते आमच्याकडे आले. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. स्वभाव कडक. पहिल्याच वाक्याला म्हणाले, "सर, पोर दहावी व्हयनी. आते बस. तिले काय मास्तरीन करनी शे का?"

"हा, करनीच शे," सर म्हणाले.

आमच्या घरात सर खुर्चीवर बसत. पाय पसरून, हात हलवत, आवाज चढवत. तीन दिवस ते रोज संध्याकाळी आले. वडिलांनी स्थळ येतंय म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "स्थळ येतं आणि जातं. चूल काही पळून जात नाही. पाच वर्षांनी गेली तरी चूल तिथंच असेल, विझलेली असेल तर ही पेटवेल." वडिलांनी वसतिगृहाची भीती घातली. सर म्हणाले, "मी दर महिन्याला जाऊन बघून येईन. माझी मुलगी समजून." तिसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली. दाराआड मी होते आणि माझ्या शेजारी मंगल उभी होती. 'माझी मुलगी समजून' हे तिनंही ऐकलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता. तिला वाटत होतं, आता इथून हे समोर जातील आणि आबांशी असंच बोलतील.

सर समोर गेले. सायकल भिंतीला लावली, हात धुतले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी हापशावर मंगलनं मला सांगितलं की फॉर्म आबांच्या पानाच्या डब्याखाली ठेवलाय. सरांनी स्वतःच ठेवला होता. आपल्या लेकीसाठी बापाशी बोलायचं ते कसं? पण कागद डब्याखाली दिसला की आबा विचारतील, हा कशाचा कागद, मग सांगता येईल. विचारल्यावर उत्तर देणं म्हणजे काही तोंड उघडणं नव्हे. एवढ्या हिशोबी डोक्याच्या माणसानं हा असा हिशोब केला होता.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांना तो सोसायटीचा नाहीतर तलाठ्याचा कागद वाटला असेल. रोज ते डबा उचलत, पान लावत, डबा परत त्याच कागदावर ठेवत. मंगल रोज सकाळी झाडताना बघायची, कागद हलला का. तिची आई डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून सासऱ्यांपुढून जायची, ती काय बोलणार. भिकाभाऊ बोलले असते, भावाच्या पोरीसाठी त्यांना बोलता आलं असतं. पण त्यांना कुणी सांगितलंच नाही की तो कागद कशाचा आहे. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी फॉर्मची मुदत संपली. मंगलनं तो कागद काढून घेतला. त्यावर डब्याच्या बुडाचा गोल चुन्याचा डाग पडला होता. पालकाच्या सहीची जागा कोरी होती.

मी धुळ्याला गेले आणि त्याच वर्षी मंगलची सुपारी फुटली. शिंदखेड्याचं घर, शेतीवाडी, मुलगा बरा. लग्नाला मी वसतिगृहातून आले. पाठवणीच्या वेळी भिकाभाऊ लहान मुलासारखे रडले, मंगलला मिठी मारून. आबासुद्धा उपरण्यानं डोळे पुसत होते. सर कुठे होते? सर ट्रकवर चढले होते. आंदणाची भांडी आणि कपाट दोरानं बांधत होते. गाठ आधीच बसलेली होती, मी खालून बघत होते, तरी ते सोडून पुन्हा बांधत होते. मंगलनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती गाडीत बसली.

सरांनी शब्द पाळला हेही सांगायला हवं. दर महिन्याला ते धुळ्याला वसतिगृहावर येऊन मला भेटत. फुटाणे आणत, केळी आणत. अभ्यासाची चौकशी करत. धुळ्याहून शिंदखेडा तासाभराच्या वाटेवर. मी एकदा विचारलं, "सर, मंगलकडे जाऊन येता का?" म्हणाले, "तिकडे भिका जातो ना."

मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन मी आधी समोर गेले. आबा आता थकले होते, पण खाट तीच. मी पाया पडले. त्यांनी पेढा तोंडात घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमनी मंगलबी हुशार व्हती. तिले काबर नही शिकाडं, माले आजलोक समजनं नही. तिना बापनी तोंडच उघाडं नही. तो एक सबद बोलता तर मी नही म्हणतू का?"

सर तिथंच उभे होते. खांबाला टेकून.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही असं म्हणणं खोटं होईल. मी बघितलं, आणि मुद्दाम बघितलं. हातातला पेढा त्यांनी खाल्ला नाही, टाकलाही नाही. थोड्या वेळानं तो पानाच्या डब्यावर ठेवला आणि घरात गेले. आबा आपले पेढा चघळत बसले. त्यांनी काही वाईट म्हटलं असं त्यांना वाटलंच नव्हतं. बाप वाट बघत होता लेक बोलेल म्हणून, लेक वाट बघत होता बाप विचारेल म्हणून, आणि दोघांच्या मर्यादेत पोरगी उजवून गेली. कुणाला दोष द्यायचा? मी सरांना देते. ते शिकलेले होते.

आबा गेल्यावर खाट रिकामी झाली. भिकाभाऊ मळ्यात राहायला गेले. मला वाटलं, सर आता तरी खुर्चीवर बसून पेपर वाचतील. बसले ते खाटेवरच बसले. मंगलचा धाकटा भाऊ विलास, त्याचं तोवर लग्न होऊन मूल झालं होतं. एकदा सुट्टीत माहेरी गेले असताना मी आमच्या दारातून बघत होते. विलास ओट्यावर मुलाला घेऊन नाचवत होता. सर बाहेरून आले. त्याबरोबर विलासनं रडणारं पोर झटक्यात खाली ठेवलं आणि बाजूला सरकून उभा राहिला. पोर फरशीवर हातपाय झाडत रडत होतं. सर थांबले. घे त्याला, एवढे दोन शब्द. मी मनातल्या मनात म्हणत होते, सर, म्हणा. सर नुसते खाकरले आणि आत निघून गेले.

मग मी त्यांच्याकडे जाणंच कमी केलं. त्यांना ते कळलं असावं. निवृत्त झाल्यानंतर चार वर्षांनी ते स्वतःच माझ्याकडे जळगावला आले, मी तिथं शाळेत होते. हातात कापडी पिशवी. चहा घेतला, शाळेची चौकशी केली, माझ्या मुलांच्या वह्या बघितल्या. मग म्हणाले, "मंगलची मोठी मुलगी दहावी झाली. चांगले मार्क आहेत. तिचे सासरे पुढे शिकू देत नाहीत."

"तुम्ही बोला ना," मी म्हणाले.

"व्याह्यांच्या घरात आपण कसं बोलायचं?" त्यांनी कप बशीत नीट ठेवला. "तू जाऊन ये. तुझं ऐकतील. ती तुझी कोणी लागत नाही."

इतकी वर्षं माझ्या मनात साठलेलं त्या वेळी बाहेर पडलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. डब्याखालचा कागद काढला, ट्रकवरची गाठ काढली, मंगलनं पसरलेले हात काढले. सर ऐकत बसले. वर्गात कुणी चुकीचं उदाहरण सोडवलं की ते असेच शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. माझं संपल्यावर म्हणाले, "सगळं बरोबर आहे तुझं. जाशील का?"

मी गेले. तेही बरोबर आले. धुळ्याला गाडी बदलून दुपारी शिंदखेड्याला उतरलो. मला वाटलं, इतक्या लांब आलेत तर घरापर्यंत येतील. पण स्टँडवरच्या बाकावर ते बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. "मी इथं आहे," म्हणाले.

मंगलच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. ओट्यावर तशीच एक खाट होती. मी खुर्चीवर बसले आणि बोलले. सरांकडून शिकले होते तसंच, हात हलवत. माझ्या तोंडून चुलीचं ते वाक्यसुद्धा निघालं. तात्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेळात मान डोलावली. "मास्तरीनबाई, तुम्ही सांगतस तर धाडसूत पोरले धुळाले. आमले काय, कोनी सांगाले जोयजे. तिना आजा तर सोता मास्तर शे. तो काबर कधी बोलना नही?"

मंगल दारात उभी राहून ऐकत होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. आत गेल्यावर तिनं पदर मागे सारला, तेव्हा भुवईवरची खूण दिसली. तिनं माझे दोन्ही हात धरले. पोरगी मागं उभी राहून हसत होती, तिला आत्ताच धुळ्याला निघायचं होतं.

मग मंगल म्हणाली, "तू एकटीच उनी का?"

मी सांगितलं, तुझे बाबा स्टँडवर बसलेत.

ती चुलीकडे वळली. दोन लाकडं आत सारली. मग म्हणाली, "बसू दे त्यासले."

मी स्टँडवर परत आले. सर तसेच बसले होते. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "छान," म्हणाले. मग विचारलं, "ती काय म्हणाली?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या दिवशी माझ्यात तेवढी दया नव्हती. "बसू दे त्यासले, असं म्हणाली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. गाडी लागली तरी ते उठले नाहीत. म्हणाले, तू हो पुढे, मी मागच्या गाडीनं येतो. मी खिडकीशी जागा धरली. गाडी वळली तेव्हा दिसले, त्या बाकावर, पिशवी मांडीवर, तोंड मंगलच्या गल्लीकडे. गल्ली स्टँडपासून दोनशे पावलांवर होती. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. त्या हिवाळ्यात ते गेले.

पुढे मंगल भेटली तेव्हा मी विचारलं, सर आले होते का त्या दिवशी घरी.

"नही," ती म्हणाली. "मी दोनदा चहानं आधण ठेयेल व्हतं."